वेग त्याला ठरवू द्या

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी वाचक मैत्रीण कोथरूडची, ३७ वर्षांची. गेली पाच वर्षं त्या रोडबाईक, म्हणजे पुढे झुकून चालवायची वेगवान सायकल, चालवतात, दर रविवारी पहाटे पाचला ग्रुपबरोबर बाहेर पडतात, २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पार करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, त्यांनी पूर्ण केल्या आहेत. नवरा ४१ वर्षांचा, नोकरी हिंजवडीत, दिवस खुर्चीत जातो. कॉलेज सुटल्यापासून त्याने सायकलला हात लावलेला नव्हता. गेल्या वाढदिवसाला त्यांनी बोनसच्या पैशातून, त्याला कळू न देता, ८ किलोची कार्बनची रोडबाईक आणली. "इतकी हलकी आहे की चढ जाणवणारसुद्धा नाही," असं दुकानात सांगितलं होतं.

पहिल्यांदा दोघं पाषाणपर्यंत जाऊन आले, ते बरं झालं. दुसऱ्या वेळी त्याला ग्रुपबरोबर पिरंगुटला नेलं. चांदणी चौकाच्या चढावरच तो मागे पडला. परतताना पिरंगुटच्या घाटात उतरून सायकल ढकलत वर आला, तेव्हा थांबलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी दोघंच खडकवासल्याला निघाले. वारज्यात सिग्नलला बुटाची क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारी तळव्याची पट्टी) वेळेत सुटली नाही आणि तो उभ्याचा आडवा झाला. त्याला दोन महिने झाले. सायकल हॉलमध्ये भिंतीला टेकून आहे. विचारलं की "पुढच्या आठवड्यात बघू" हे उत्तर मिळतं. तळहात बधिर होतात आणि मान दुखते, असं तो एकदा म्हणाला होता, त्यानंतर काहीच नाही. सासूबाई म्हणतात, "त्याला नाही आवडत तर कशाला मागे लागतेस?" मैत्रीण विचारतात: "इतकी चांगली, हलकी सायकल देऊनही त्याला गोडी का लागत नाही? ती विकून साधी, ताठ बसून चालवायची हायब्रिड घ्यावी का? की मीच ग्रुप सोडून त्याच्याबरोबर हळू चालवायला लागू?"

प्रिय मैत्रीण,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. ग्रुप सोडू नका. घर, नोकरी, थोरामोठ्यांचं दुखणंखुपणं हे सगळं सांभाळून आठवड्यातली एक पहाट स्वतःसाठी राखणं आपल्याकडे बाईला सहजी जमत नाही. तुम्ही ते पाच वर्षं जमवलंत. ती पहाट तुम्ही नवऱ्यासाठी सोडलीत तर प्रत्येक संथ फेरीत त्याला ते उपकाराचं ओझं जाणवत राहील, आणि एखाद्या कंटाळलेल्या दिवशी तुम्हीही ते बोलून दाखवाल. त्याच्यासोबतची सायकल शनिवारी ठेवा. रविवार तुमचाच राहू दे.

आता मूळ गोष्टीकडे येते. पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला काय वाटलं ते त्यात आहे, ग्रुपने काय केलं ते आहे, सासूबाई काय म्हणाल्या तेही आहे. "मला सायकल चालवायची आहे" असं त्याचं एकही वाक्य मात्र मला सापडलं नाही. तो म्हणाला असेल आणि लिहायचं राहून गेलं असेल. पण म्हणालाच नसेल, तर सायकलचे गिअर आणि टायर बघण्याआधी त्याचा विचार करायला हवा.

न म्हणताही तो तीनदा आला, हे मला फार मोलाचं वाटतं. पहाटेचा गजर लावून, अनोळखी लोकांत, अंगाला चिकटणारे कपडे घालून आला. टाळ्यांच्या त्या प्रसंगानंतरही पुन्हा आला. ज्याला मुळीच यायचं नसतं तो इतकं करत नाही. म्हणून "त्याला गोडी लागत नाही" हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. त्याला सायकल आवडते की नाही हे अजून कोणालाच कळलेलं नाही, त्यालाही नाही. आजवर त्याने अनुभवली ती तुमची सायकल: वेळ तुमची, रस्ता तुमचा, माणसं तुमची, सायकल तुमच्या पसंतीची आणि बूटसुद्धा तुमच्या सवयीचे. त्याच्या स्वतःच्या सायकलची अजून सुरुवातच व्हायची आहे. ती करायची की नाही हे त्याने ठरवायचं. करायची ठरवली तर वाट सोपी करणं मात्र बरंचसं तुमच्या हातात आहे, आणि त्याविषयी मला सविस्तर लिहायचं आहे. अशीच पत्रं नवशिक्या बायकोला घेऊन निघालेल्या नवऱ्यांकडूनही येतात. तिथेही चुका जवळपास याच असतात.

हलकी सायकल म्हणजे सोपी सायकल, हे तुम्ही पत्रात गृहीत धरलं आहे. दुकानात सर्रास असंच सांगतात, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. पण एकदा हिशोब करून बघू. त्याचं वजन ७८ किलो धरा. ८ किलोच्या सायकलसकट चढावर ८६ किलो न्यावे लागतात. सायकल ११ किलोची असती तर ८९ झाले असते. म्हणजे फरक साडेतीन टक्क्यांच्याही आत. सिंहगडचा घाट साधारण ९ किलोमीटरचा, ६०० मीटरच्या आसपास उंची चढवणारा. त्याला तो चढायला दीड तास लागेल असं धरलं, तर हलक्या सायकलमुळे वाचतात जेमतेम तीन मिनिटं. सपाटीवर एका वेगाने जाताना तर हे तीन किलो जवळपास जाणवतच नाहीत. तिथे ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या पुढे खरी झुंज असते ती हवेशी.

म्हणजे चांदणी चौकात तो मागे पडला यात आश्चर्य काहीच नाही. त्याच्या पायांत आणि फुप्फुसांत तुमची पाच वर्षं नव्हती, आणि ती तीन किलोंनी भरून निघत नाहीत. ३०० किलोमीटरच्या बीआरएमला २० तासांची मुदत असते. ती पाळणाऱ्या शरीराला "सोपी राईड" वाटते ती दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाची कसोटी असते. मला काळजी वाटते ती एका वेगळ्याच गोष्टीची. "चढ जाणवणारसुद्धा नाही" हे वाक्य तुम्ही त्यालाही सांगितलं असणार. मग चढ जाणवला तेव्हा त्याने त्याचा अर्थ काय लावला असेल? एवढी भारी सायकल असून मला जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे. दोन महिने भिंतीला टेकलेल्या सायकलमागे हा विचार असू शकतो. तो चुकीचा आहे हे त्याला आकड्यांसकट सांगा. रोज आकड्यांत काम करणाऱ्या माणसाला "अरे, होईल सवय" यापेक्षा हा हिशोब जास्त दिलासा देईल.

नवशिक्याला चढावर खरी मदत होते गिअरची. त्याच्या सायकलला पुढची लहान चकती बहुधा ३४ दातांची असेल आणि मागची सगळ्यात मोठी २८ची. सात टक्क्यांच्या चढावर नवा माणूस ताशी सात-सव्वासात किलोमीटरने जातो. या गिअरवर तेव्हा त्याचे पाय मिनिटाला पन्नासहूनही कमी वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर देऊन उभं राहिल्यासारखं होतं. मागे मोठी चकती ३४ दातांची असलेली कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवली तर त्याच वेगाला पाय साठच्या जवळ फिरतील. दम लागेल, पण पाय आखडणार नाहीत. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, एवढी मोठी चकती घेतो का ते मेकॅनिकला विचारा, काही सायकलींना तो बदलावा लागतो. घाटात उतरून ढकलायची वेळ आली ती सायकल जड असल्यामुळे नाही, गिअर संपल्यामुळे आली, असा माझा अंदाज आहे.

टायर २३ किंवा २५ मिलिमीटरचे असतील आणि हवा शंभरच्या पुढे भरली असेल तर तेही बदला. फ्रेममध्ये जागा असेल तर २८चे टायर घाला आणि त्याच्या वजनाला ७५ ते ८० पीएसआय ठेवा. पुण्याचे पेव्हर ब्लॉक, खोदून बुजवलेले रस्ते आणि दर शंभर पावलांवर येणारे स्पीडब्रेकर हे सगळं हात आणि मानेपर्यंत पोहोचतं ते याच कडक टायरमधून.

मग येते बैठक. चाळिशीतल्या पुणेकराच्या आठवणीतली सायकल म्हणजे शाळा-कॉलेजातली ताठ बसायची, जाड टायरची, जड सायकल. ती हात सोडूनही सरळ जायची. रोडबाईकवर अंग पुढे झुकतं, हँडल जरा हललं तरी चाक वळतं, आणि हलकी रेसची सायकल तर आणखी चपळ असते. "सायकल येते ना तुला?" याचं उत्तर म्हणून खरं तर "ही नाही येत" असं आहे. पण ते तुमच्यासमोर म्हणणं त्याला जड जात असणार.

बधिर होणारे तळहात हे माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. तुम्ही ते येताजाता लिहिलंय. शरीराचा फार भार हातांवर आला की तळव्यातली नस दाबली जाते आणि करंगळीकडची बोटं बधिर होतात. हँडल फार लांब किंवा फार खाली असतं, सीटचं टोक खाली झुकलेलं असतं, कोपरं ताठ ठेवायची सवय असते, अशी कारणं असतात. हँडलला सायकलशी जोडणारा, लांबी एक-दोन सेंटीमीटरने कमी असलेला स्टेम, त्याच्याखाली वाढवलेले स्पेसर (हँडल उंच करणाऱ्या कड्या), पाण्याच्या पातळीत सरळ केलेली सीट, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. सीटची उंची बघायची साधी रीत अशी: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो. शक्य असेल तर पैसे देऊन नीट बाईक फिट, म्हणजे सायकल त्याच्या अंगाच्या मापाला जुळवून, करून घ्या. तुम्ही सायकलवर केलेल्या खर्चात ही रक्कम फार नाही आणि तिचा उपयोग सायकल तीन किलोंनी हलकी असण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. सगळं करूनही बधिरपणा राहिला किंवा सायकलवरून उतरल्यावर तासन्‌तास टिकला तर डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट तो तुमच्याशी कदाचित बोलणार नाही, म्हणून इथे लिहिते. अरुंद सीटवर पुरुषांना जांघेच्या मधल्या भागातही बधिरपणा येतो, आणि त्याने भले भले घाबरतात. मध्ये खाच असलेली, त्याच्या बसण्याच्या हाडांच्या रुंदीची सीट घ्यावी, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून थोडा भार सोडावा. पॅड असलेल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं, हेही कोणीतरी स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर शिवणीने सोलून निघतं आणि माणूस लाजेने गप्प राहतो. बायकांना बसणारी सीट बहुधा आणखी वेगळ्या रुंदीची लागते. स्वतःची सीट दुसऱ्याला देऊन "मला तर छान वाटते" म्हणण्यात काही अर्थ नसतो.

वारज्याच्या सिग्नलला झालेली फजिती क्लीट वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते. तुमच्याही आली असेल. पण तुम्ही ती तुमच्या हौसेच्या भरात पचवलीत, त्याने ती बायकोसमोर आणि भरलेल्या चौकासमोर पचवायची होती. क्लीट काढून ठेवा. साधे सपाट पेडल आणि रोजचे घट्ट तळव्याचे बूट एवढ्यावर माणूस आरामात सिंहगड चढतो. क्लीट परत कधी लावायची ते त्याने मागितल्यावर बघू. आणखी एक, हे विसरू नका: पडल्यापासून सायकल तशीच उभी असेल तर पुढच्या फेरीआधी ती मेकॅनिककडे न्या. उजव्या अंगाला पडली असेल तर डिरेलर जिथे लटकतो तो छोटा हँगर वाकलेला असू शकतो, आणि सगळ्यात हलक्या गिअरवर, म्हणजे नेमकं चढावर, डिरेलर स्पोकमध्ये जाऊन अडकतो. कार्बनच्या हँडलला आणि फ्रेमला कुठे चीर गेली नाही ना, हेही जाणत्या माणसाच्या नजरेखालून घाला.

हायब्रिडचा विचार यानंतर करावा असं मला वाटतं. सायकल त्याला न सांगता घेतली, म्हणजे त्याचं माप न घेताच घेतली. फ्रेमच मोठी असेल, आखूड स्टेम लावूनही हात ताठ करून पोहोचावं लागत असेल, तर ती सायकल त्याची नाहीच. खुशाल विका. फ्रेम मापाची असेल तर गिअर, टायर, स्टेम, सीट आणि पेडल बदलून तीच सायकल बरीच मवाळ होते, आणि हा सगळा खर्च नव्या हायब्रिडपेक्षा बहुधा कमी होईल. तरीही त्याला खाली वाकायचंच नसेल, ताठ बसून गल्लीबोळांतून हिंडायचं असेल, तर हायब्रिड ही उतरलेली पायरी समजू नका. पुणे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं तेव्हा रोडबाईकचं खाली वळलेलं ड्रॉप हँडल कोणाकडे होतं? लोक कामावर जायचे, मंडईत जायचे, मुलांना दांडीवर बसवून फिरवायचे. तीही सायकलच होती. टँडेमचं, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या एकाच सायकलचं, मात्र मी सुचवणार नाही, तिथे मागे बसणाऱ्याच्या हातात ना हँडल ना ब्रेक, आणि त्याला सध्या नेमकी याचीच उणीव आहे.

रस्त्याबद्दल. कोथरूडमध्ये राहण्याची एक अडचण आहे. पाषाण, मुळशी किंवा हिंजवडी, कुठेही जा, आधी चांदणी चौकाचा चढ आणि गर्दी. दार उघडलं की परीक्षा! त्यामुळे पहिले काही शनिवार चढाच्या वाटेलाच जाऊ नका. सूर्य उगवताना कर्वे रस्त्याने उतरा, डेक्कन, लकडी पूल, कॅम्पातले झाडांचे रुंद रस्ते, आणि परत. त्या वेळी पेठांतून जाणंसुद्धा सुखाचं असतं. त्याच्या शाळेवरून जा, जुन्या वाड्यावरून जा, मधे कुठेतरी इडली-कॉफी घ्या. अंतर मोजू नका. ॲपवर चढवू नका. तुम्हाला सवयीने घड्याळाकडे बघावंसं वाटेल, म्हणून ते घरीच ठेवा.

मग खडकवासला. वारजे, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे अशा वाटेने धरण पंधराएक किलोमीटरवर आहे, मोठा घाट नाही. रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणसं आणि भजी खायला सगळं पुणे लोटतं, म्हणून शनिवार बरा. पुढे पानशेतच्या रस्त्याला पाण्याच्या कडेने छोटे छोटे चढउतार येतात. घाट शिकायला ते उत्तम, कारण प्रत्येक चढ संपतो तेव्हा दम पुरता गेलेला नसतो. सिंहगड, दिवे घाट, बोपदेव, कात्रज यांची नावं तुम्ही काढू नका. त्याने काढली तर जा. मुंबई-बंगळूर हायवेच्या बायपासवर नवशिक्याला नेऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि द्रुतगती मार्गावर तर सायकलला बंदीच आहे.

पहाटे पाचचा हट्टही सोडा. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. तुम्हाला अंधार, दिवे आणि झुंडीने मागे लागणारी कुत्री यांची सवय आहे, त्याला नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने शिकायला सगळ्यात चांगले. पावसाळ्यात रंगवलेले पट्टे, ड्रेनेजची झाकणं आणि वळणावरची वाळू निसरडी होते. तुमचा तोल सावरतो, त्याचा अजून सावरणार नाही.

आता रस्त्यावर कोण कुठे. आजवर तुम्ही पुढे होतात आणि तो मागे, असं मी धरते, कारण बहुतेक जोड्या तशाच निघतात. अनुभवी माणूस पुढे असला की वेग तोच ठरवतो. मागचा धापा टाकत पाठ बघत राहतो, आणि पुढचा थांबून वळून बघतो तेव्हा मागच्याला आपण अडचण झाल्यासारखं वाटतं. हे उलटं करा. मोकळ्या रस्त्यावर त्याला पुढे राहू द्या, तुम्ही थोड्या उजवीकडे, दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवून मागे राहा. वेग त्याचा, थांबा त्याचा, गिअर त्याचा. मागून येणाऱ्या गाडीला आधी तुम्ही दिसता, हाही फायदा. मोठा चौक आला, लेन बदलायची असली की तेवढ्यापुरतं तुम्ही पुढे जा, हात दाखवा, मोठ्याने सांगा, आणि परत मागे या. तुमच्या चाकाला चिकटून हवा वाचवायला त्याला शिकवू नका. पुढच्या सायकलच्या चाकाला चाक लागलं तर पडतो तो मागचा.

मागे राहून गप्प बसणं तुम्हाला जड जाईल. "गिअर बदल", "कोपर वाकव", "खड्डा बघ", "ब्रेक एकदम मारू नको" हे ओठावर येईल. धोक्याचं असेल तेवढंच बोला. बाकीचं शिकवायला रिकामं मैदान किंवा सोसायटीतला मोकळा रस्ता घ्या, अर्धा तास, एकदाच: कोणता ब्रेक पुढचा ते बघणं, दोन्ही ब्रेक एकाच वेळी दाबून आणि अंग मागे नेऊन थांबणं, एका हाताने चालवून बाटली काढणं, रेषेत राहून मागे वळून बघणं, स्पीडब्रेकरवर दोन्ही पेडल समान पातळीत ठेवून सीटवरून किंचित उठणं, थांबण्याआधी हलका गिअर टाकणं. त्यातही पंक्चर काढायला आणि साखळी बसवायला दुसऱ्या कोणी शिकवलं तर जास्त चांगलं. नवरा-बायको एकमेकांना गाडी शिकवतात तेव्हा घरोघरी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तासाभराच्या फेरीला पाणी पुरतं. दीड तासाच्या पुढे दर तासाला केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की असं काही पोटात जायला हवं, भूक लागण्याआधी. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी कुठल्याही महाग पावडरीइतकं काम करतं. चाळिशी ओलांडलेली आणि काम बैठं, म्हणून घाटांकडे वळण्याआधी त्याने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, आणि डॉक्टरांना आपण काय करणार आहोत ते सांगावं. छातीत दडपल्यासारखं झालं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं. "अजून थोडंच राहिलंय" असं तेव्हा कोणी म्हणायचं नाही.

ग्रुपविषयी एक शब्द. टाळ्या वाजवणाऱ्यांचं मन चांगलं होतं, यात मला शंका नाही. पण मोठ्या माणसाला लहान मुलासारख्या टाळ्या मिळतात तेव्हा त्याला आपली जागा कळते. त्यातून बायको आधीच वर पोहोचलेली, पाणी पिऊन झालेली. हा पुरुषी अहंकार आहे असं म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही त्याच्या जागी असतात तर तुम्हालाही ते बोचलं असतं. ग्रुपमध्ये त्याला परत न्यायची घाई नको. आणि त्याच्या प्रगतीच्या बातम्या ग्रुपमध्ये सांगत जाऊ नका, कौतुकाच्यासुद्धा नाही.

या सगळ्याआधी एक बोलणं व्हायला हवं, आणि ते सायकलजवळ नको. जेवण झाल्यावर शतपावलीला जाताना बोला. "तुला आवडलं का?" असं विचारलंत तर तो तुमचं मन राखणारं उत्तर देईल. त्यापेक्षा विचारा, "सायकलवर तुला नक्की कुठे दुखत होतं?" शरीराबद्दल बोलायला सोपं असतं. हातापासून सुरुवात होईल आणि त्याला हवं असेल तर पिरंगुटच्या घाटापर्यंत तो स्वतः येईल. मग तुम्ही तुमच्याकडचं खरं सांगा. माझा अंदाज चुकत नसेल तर ते सायकलबद्दल नाहीच. पाच वर्षं रविवारची सकाळ तुम्ही दोघं वेगवेगळी घालवता, आणि ज्या रस्त्यांवर तुम्हाला इतका आनंद मिळतो ते त्याने बघावेत असं तुम्हाला वाटतं. हे त्याला कधी सांगितलंय? सायकल आणून देण्यात ते सांगितलं गेलं असं तुम्हाला वाटलं असेल, पण त्याच्यापर्यंत पोहोचलं असेल ते बहुधा "तू फिट नाहीस" एवढंच.

त्याने ऐकून घेऊन "मला सायकल नकोच, पण तुझ्याबरोबर वेळ हवाय" असं म्हटलं, तर ते पूर्ण उत्तर आहे, त्यात तुमचा पराभव नाही. शनिवारी वेताळ टेकडीवर चालायला जा. रविवारी राईड संपते तिथे तो स्कूटरवरून नाश्त्याला येऊ दे. ग्रुपमधल्या लोकांशी मिसळीवर त्याची छान ओळख होईल, तिथे कोणी मागे पडत नाही.

"करून बघतो" म्हणाला तर आधी सायकल दुरुस्त करून घ्या, पेडल बदला, आणि दोन-तीन महिने वेळ द्या. मधे एखादा शनिवार तो नको म्हणाला तर कारण विचारू नका. आणि सायकल विकायचीच ठरली, तर विकायची का, केव्हा, त्या पैशाचं काय करायचं, हे त्याला विचारून करा. भेट दिल्यापासून ती त्याची आहे. घेताना त्याला विचारलं नव्हतं, विकताना तरी विचारा.